महांतप्पांची मिशी

अणदूरच्या शंभुलिंगाकडं आता एकच कला उरली होती, ती म्हणजे नसलेल्या माणसाला पडद्यावर हलवणं. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आला आन् ब्रश वाळून गेले, तसा त्यानं मंडपवाल्याच्या गोदामात, दुमडलेल्या कनातींच्या मागं कॉम्प्युटर मांडला. मोबाईलवर बघून बघून कार्टून शिकला. गुरू कोण, विचारलं की म्हणायचा, "रिचार्ज."

यंदा खंडोबाच्या जत्रेत पडद्यावर त्याचं कार्टून लागणार होतं. त्यात नाचणारा माणूस म्हणजे त्याचे मामा, महांतप्पा. गावात देवाखालोखाल मान मामांच्या मिशीला. काळीभोर, पीळदार, दर सोमवारी कलप. जत्रेत भंडारा उधळला की सगळं गाव तोंड वर करून घेतं. मामा तेवढे मिशीवर हात ठेवतात. देवाचा पिवळा रंग टोपीवर चालतो, मिशीवर न्हाय.

शंभुलिंगानं मिशी डोक्याच्या कॉम्पोझिशनात, म्हणजे कार्टूनच्या एका डब्यात ठेवली, डोकं धडाच्या, आन् धड जत्रेच्या. धडाच्या रांजणात डोक्याची घागर, घागरीत मिशीचा तांब्या, तसं. भंडारा दाखवायचा म्हणून पिवळा इफेक्ट त्यानं धडाच्या कॉम्पोझिशनवर, म्हंजे बाहेरच्या रांजणावरच ओतला आन् मामांना बोलावलं.

मामांनी कॉम्प्युटरकडं वाकून बघितलं. धोतर पिवळं, दात पिवळे, डोळे पिवळे, मिशी तर झेंडूची माळ.

"शंभ्या, मला कावीळ कधी झाली?"

"मामा, भंडारा हाय तो."

"भंडारा डोळ्याच्या आत जातो व्हय रे? हे गावानं बघितलं तर मी तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय. सांग अक्काला!"

अक्का, म्हणजे शंभुलिंगाची आई रुद्रम्मा, चहा घेऊन दारातच उभी होती. तिला एकच भाऊ. ती लेकाला म्हणाली, "पोळीला तूप लाव म्हटलं तर तू अख्खी दुरडी तुपात बुडवलीस. जत्रेला माझा भाऊ दारात दिसला न्हाय तर तुझं जेवण त्या कॉम्प्युटरात वाढीन."

शंभुलिंग परत कॉम्प्युटरपुढं बसला. पाट्यांवरचा रंग खरवडायचा धंदा त्यानं कैक वर्षं केला होता. पण इथं खरवडायला पत्राच नव्हता. मग त्यानं बाहेरचा इफेक्ट काढला, आत उतरला, टोपी आन् खांदे तेवढे पिवळे केले. भंडारा वरनं पडतो, आतनं उगवत न्हाय, एवढं ध्यानात यायला त्याला आठवडा लागला. पण टोपीचा पिवळा उजेड पसरून मिशीला लागतच होता. शेवटी त्यानं मिशीच डोक्यातनं उपटली आन् सगळ्या चित्राच्या वर वेगळी ठेवली. काळी कुळकुळीत! त्यानं मामांना नाचवलं. मामा डावीकडं वळले, मिशी होती तिथंच राहिली, हवेत, तारेवर बसलेल्या कावळ्यासारखी.

रुद्रम्मा पदर तोंडाला लावून हसली. "हे त्याला दाखवू नको हां. मिशीच्या मागं पळत सुटंल बाबा."

तेव्हा शंभुलिंगानं मिशी डोक्याला बांधली. राहायला वेगळी, हलायला डोक्याबरोबर. वाटणी झालेल्या भावासारखी: चूल निराळी, लग्नकार्याला एकत्र.

जत्रेत दिवेलागणीला पडदा उजळला. मामा रुसल्यासारखे पार कडेला उभे, एक हात मिशीवर. पडद्यावरचे मामा उडी मारून आले, भंडाऱ्याचा पाऊस पडला, टोपी पिवळी, खांदे पिवळे, आन् मधोमध मिशी काळीभोर, एका ठेक्यात नाचणारी. गाव ओरडलं, "महांतप्पाची मिशी, महांतप्पाची मिशी!"

मामांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा भर जत्रेत त्यांनी मिशीवरचा हात काढला आन् पडद्याकडं बोट केलं, "बघा, बघा, काळी हाय का न्हाय!"

त्याच घडीला मागनं कुणीतरी मूठभर भंडारा उधळला.

मामा तसेच, पिवळ्या मिशीनिशी, अक्काच्या दारात येऊन पाटावर बसले. रुद्रम्मानं ताट वाढता वाढता पडद्यावरची मिशी कशी वेगळी काढून ठेवली होती ते सांगितलं. हसू मात्र तिला ताटाबाहेर ठेवता येईना. मामांनी पहिला घास मोडला आन् भाच्याकडं तिरकं बघितलं.

"शंभ्या, हिलाबी जरा वेगळी काढून ठेवता येती का रे?"