निवडून कोण तरस होईल?

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळीवाल्यांनी सव्वीस वर्षं लोकांचे दात केले. पुढे खुर्चीत बसलेल्या पेशंटचं माप डॉक्टरीणबाई घ्यायच्या. ते ओलं माप मागे यायचं, हे त्यात प्लास्टर ओतायचे, आणि तासाभराने त्या माणसाचा जबडा टेबलावर उभा राहायचा. मग मेण, मग दात, मग घासकाम. "यांच्या कवळीनं अक्रोड फोडा, आणि फुटली तर मला सांगा," असं बाई पेशंटला छातीठोकपणे सांगायच्या. बोलणं कमी, रजा त्याहून कमी, असा हा माणूस.

आणि आपण माणूस नाही हे त्या माणसाला सातव्या वर्षापासून माहीत होतं.

वाटत होतं, असं नव्हे. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे ते आपल्याला कळतं ना, तसं कळत होतं. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, म्हणून पाठ उतरती. मानेपासून खाली ताठ केसांची आयाळ. आणि जबडा हाडाचा भुगा करणारा. शाळेच्या पुस्तकात तरसाचं चित्र आलं तेव्हा सगळा वर्ग नाक मुरडून हसला आणि यांना बसल्या बाकावर घाम फुटला. आपलं नाव कुणीतरी मोठ्यानं वाचावं तसं झालं. पुढे कितीतरी वेळा त्यांनी स्वतःलाच विचारलं, की हे मनाचे खेळ असते तर मी वाघ झालो असतो, घोडा झालो असतो, गेला बाजार मांजर तरी. निवडून कोण तरस होईल?

लोकांना दोन पायांवरचा माणूस दिसतो आणि आरशातही तोच दिसतो, याचं उत्तरही त्यांनी काढून ठेवलं होतं. डोळे सवयीचे गुलाम. पण प्लास्टर खोटं बोलत नाही. जे आहे तेच उमटतं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. म्हणून स्वतःच्या तोंडाचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. एक पुरावा हाताशी आहे आणि हवा तेव्हा काढता येईल, एवढ्या भरवशावर माणसांत दिवस निघत होते. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. बायकोला एवढंच ठाऊक होतं की यांना पाठीवर हात फिरवलेला खपत नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची दाढ तुटली. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "कॅप बसवावी लागेल. आ करा." ते नको नको म्हणेपर्यंत माप घेऊन झालंसुद्धा. "घ्या, तुमचं काम तुम्हीच करा. आज आपलेच दात आणि आपलेच ओठ!" असं हसत त्यांनी ते माप त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी प्लास्टर ओतलं. सुकेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसले. मग सोडवलं.

माणसाचा जबडा होता. खालचे पुढचे दात दाटीवाटीने उभे, सुळे झिजून बोथट झालेले, दाढा सपाट. असे जबडे त्यांनी हजारांनी हाताळले होते. बुडबुडा राहिला असेल, पाणी जास्त झालं असेल, असं म्हणून त्यांनी स्वतःच नवं माप घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा तेच. संध्याकाळी दवाखाना बंद करायला बाई मागे आल्या तेव्हा तीन सारखी मॉडेलं समोर मांडून ते बसले होते, आणि प्लास्टरने माखलेले हात तोंडावर घेऊन रडत होते.

"अहो, दाढेचं एवढं काय? की फार दुखतंय?"

चव्वेचाळीस वर्षं दातांमागे धरलेलं त्या एका प्रश्नाने सुटलं. त्यांनी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि बाहेर जाऊन त्यांच्या घरी फोन लावला.

घरी त्यांनी तेच सांगितलं तेव्हा बायको आधी हसली, कारण एवढं गंभीर तोंड करून नवरा चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"अहो, पण तुम्ही बोलता. चहा पिता. वीजबिल भरता."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. ते सगळं करतो. करायला शिकलोय."

"आणि माझ्याशी संसार केलात तो? तोही शिकूनच?"

तिला खरं उत्तर हवं होतं आणि खरं उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं.

मनाच्या डॉक्टरांकडे जाणं आलं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने थट्टा केली नाही. "हे तुम्ही खोटं सांगत नाही, पण ते खरंही नाही," असं म्हणाला आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप आली, जिभेला कोरड पडली, बोटं थरथरू लागली. मेणात दात रोवताना ओळ वाकडी जाऊ लागली. बाईंनी बारीक कामं गुपचूप बाहेर द्यायला सुरुवात केली. उतरती पाठ मात्र होती तिथेच होती. फरक एवढाच की आता ती आहे म्हणायला पुरावा उरला नव्हता. आधी जग चुकत होतं. आता खोटं कोण, अंग की प्लास्टर, हे त्यांना सांगता येईना, आणि दोन्हींतलं एकही सोडता येईना.

आईचा फोन गेल्यावर मुलगी आली. दोन दिवस ती आईला घरकामात मदत करत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, आई बाजारात गेलेली पाहून, बापासमोर येऊन बसली.

"बाबा, एकच विचारते. तू ते आहेस, तर मग मी कोण?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी तिची बोटं मोजली होती, दहाच्या दहा, आणि सुटकेचा श्वास टाकला होता. बस्स, तेवढंच.

"तू माणूस आहेस," ते म्हणाले.

"मग तू माझा कोण?"

खरं बोलावं तर बाप जातो. बाप राहावं तर सातव्या वर्षापासून जे जिवापलीकडे सांभाळलं ते जातं.

"तुझा बाप," ते म्हणाले. "डोकं फिरलं होतं गं माझं. आता बरं आहे. माणूसच आहे मी."

ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. तिचे दोन्ही हात पाठीवर घट्ट आवळले गेले, आयाळ उलटी मुडपली, कळ डोक्यात गेली. ते हलले नाहीत.

मुलगी परत गेली. एका रविवारी बायको म्हणाली, "चला, प्राणिसंग्रहालयात जाऊन येऊ. एकदा समोरासमोर बघा, म्हणजे मनातलं उरलंसुरलं निघून जाईल." तिचा हेतू साफ होता. आतून मात्र त्यांनाही जायचं होतं. माणसांचे डोळे चुकतात, प्लास्टरही चुकलं असेल, पण नाक? नाक तरी चुकणार नाही.

तरसाचा पिंजरा अगदी शेवटी, कचऱ्याच्या डब्यांपाशी होता. तिथे कुणी थांबत नव्हतं. आत एकच म्हातारं तरस भिंतीकडेने फेऱ्या मारत होतं. कवळीवाले कठड्याला चिकटून उभे राहिले. तरस थांबलं. नाक वर करून त्याने हवा हुंगली. यांनी श्वास रोखला.

तरसाने मान फिरवली आणि ते पुन्हा फेऱ्या मारू लागलं. वेफर्सचं पाकीट फोडत शेजारून जाणाऱ्या माणसाकडे त्याने जसं बघितलं, तसंच आणि तेवढंच यांच्याकडे बघितलं होतं.

"झालं ना समाधान?" बायकोने मायेने विचारलं.

"झालं."

चार महिन्यांनी मनाच्या डॉक्टरांनी फाइलवर 'सुधारणा चांगली' असं लिहिलं आणि गोळी अर्ध्यावर आणली. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला कवळीवाल्यांनी हवं तेच उत्तर दिलं होतं. दवाखान्यात आता त्यांच्याकडे फक्त प्लास्टर ओतायचं काम होतं. त्यांनी ओतलेल्या जबड्यांवर कवळ्या दुसरंच कुणी करायचं. घरी जेवताना बायको भरभरून बोलायची, मुलगी रोज फोन करायची. घर सावरलं होतं. त्या सावरलेल्या घरात त्यांच्या अंगाबद्दल आता कुणी विचारत नव्हतं, आणि सांगायला जावं असं जगात एकही दार उरलं नव्हतं.

नवरा बरा झाल्याच्या आनंदात बायकोने नवा शर्ट आणला. स्वतःच्या हाताने त्यांना घातला, वरचं बटण लावलं, मागे जाऊन पाठीवरून दोनदा हात फिरवून चुण्या काढल्या.

"कॉलर नीट बसली ना? टोचत नाही ना कुठे?"

"नाही," कवळीवाले म्हणाले. "छान बसलीय."