पेंढ्यात सापडलेला पाईप

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, दंगलीचे बंदोबस्तही झाले. तरी कुणी आठवणी विचारल्या की मला सगळ्यांत आधी एक साधी चोरी आठवते. नावं कुणाचीच घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

दोन हजार सालानंतरचं दशक संपत आलं होतं. मी भिवंडी तालुक्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पडघ्याच्या बाजूला भाताच्या खाचरांत गोदामं उभी राहत होती. त्यांतल्या एकात कापडाच्या गाठी नव्हत्या आणि औषधांची खोकीही नव्हती. तिथं नुसती कम्प्युटरची कपाटं बसायची होती. त्याला डेटा सेंटर म्हणतात, हे मला तिथल्या मॅनेजरनं शिकवलं. ही यंत्रं अहोरात्र तापतात, म्हणून त्यांना अहोरात्र गार ठेवावं लागतं. त्यासाठी छतावर मोठाली यंत्रं बसवली होती आणि तिथून खालच्या हॉलपर्यंत तांब्याच्या पाइपांचं जाळं टाकलं होतं. थंडावा तुटला तर सगळा कारभार बंद, असं मॅनेजर म्हणाला. आमच्या ठाण्यात पंखा धड फिरत नव्हता, पण कारभार चालू होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

एका सकाळी हाच मॅनेजर तक्रार घेऊन आला. केंद्र अजून सुरू व्हायचं होतं आणि छतावरचे तांब्याचे पाईप कुणीतरी कापून नेले होते. गुन्हा नोंदवून घेतला. स्टेशन डायरीतली शाई वाळते न वाळते तोच ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "पहारेकऱ्याच्या पेंढ्यात बघा."

पहारेकरी पन्नाशीतला, तिथल्याच गावातला आगरी गृहस्थ होता. गोदामासाठी त्याच्या घरानं जमीन दिली होती आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं होतं. पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. मागच्या पेंढ्याच्या उडवीत हवालदारांनी हात घातला आणि तांब्याच्या पाइपाचा एक लांब तुकडा बाहेर ओढला. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला आणि पहारेकऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

त्याचं एकच वाक्य होतं. "मी न्हाय नेला, साहेब. पेंढ्यात कसा आला, मना ठाव न्हाय."

माझा अनुभव असा, की चोर फार बोलतो. म्हैस आजारी होती, मेव्हण्याच्या हळदीला गेलो होतो, असं न विचारलेलं सगळं सांगतो. हा माणूस त्या एका वाक्यापलीकडे जात नव्हता. हवालदारांना ते पटत नव्हतं. "साहेब, माल घरात मिळाला. आणखी काय आरती ओवाळायची? अटक दाखवून टाकू." कंपनीकडूनही तेच दडपण होतं.

दुपारी त्याची बायको तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन आली. रडली नाही, हात जोडले नाहीत. डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, जागा त गेलीच आमची. आता नाव पन जाईल काय?"

ती गेल्यावर मी मुद्देमाल पुन्हा समोर घेतला.

भिवंडीत भंगाराचा धंदा मोठा, त्यामुळे तांब्याचे चोर मी भरपूर पाहिले होते. भंगार वजनावर जातं. म्हणून चोर पाईप हातोड्यानं चेपतो, दुमडतो आणि गोणीत कोंबतो. हा तुकडा मात्र सरळ होता, त्याला एक पोचा नव्हता. दोन्ही तोंडांना हिरवी टेप गुंडाळलेली होती आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून त्याचा लहानसा कान ठेवलेला होता. मी तडक जीप काढली आणि डेटा सेंटरच्या छतावर गेलो. चोरानं मागे सोडलेल्या पाइपांच्या तोंडांनाही तीच टेप होती, तसाच कान होता. चोरी करून जाताना घराला कडी घालणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

परतताना बाजारातल्या एका ओळखीच्या एसी मेकॅनिकला विचारलं. तो हसला. "साहेब, पाइपात ओल शिरली की लाईन खराब. कापला की तोंड बंद करायचं, हे उस्ताद पहिलं शिकवतो. बाद में हाथ अपने आप करता है."

म्हणजे चोर भंगारवाला नव्हता, पाईप बसवणाराच कुणीतरी होता. ठेकेदाराच्या फिटरांना जबाबासाठी एकेक करून बोलावलं. टेबलावर उघड्या तोंडाचा पाईप आणि टेपचं रीळ ठेवलं. इकडचं तिकडचं बोलता बोलता प्रत्येकाला म्हणायचो, "ते तोंड जरा बंद करून टाका." सगळ्यांनी टेप लावली आणि टोक चापून बसवलं. एका उत्तर भारतीय फिटरनं मात्र बोलता बोलता टोक दुमडलं आणि कान ठेवला. मी पेंढ्यातला तुकडा त्याच्या शेजारी ठेवला.

त्यानं दोन्ही तुकडे उचलून टेपचे कान शेजारी शेजारी धरले. मग म्हणाला, "ये मेरा ही हाथ है, साहब. लेकिन चोरी के लिए नहीं किया."

मग सगळं बाहेर आलं. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं ठरलेल्यापेक्षा पातळ पाईप बसवून घेतले होते. दाब देऊन तपासणी होणार होती आणि त्यात ते फाटणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं फिटरकडून पाईप उतरवून घेतले आणि चोरीचा बोभाटा केला, म्हणजे नवे पाईप चोरीच्या नावावर बसवता आले असते. पेंढ्यात तुकडा त्यानंच खुपसला, ठाण्यात फोनही त्यानंच केला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा बेत होता. सुपरवायझरला उचललं आणि कोन गावातल्या त्याच्या भाड्याच्या गाळ्यात बाकीचे पाईप मिळाले. त्यांचीही तोंडं तशीच टेप लावून बंद केलेली होती.

मी फिटरला म्हणालो, "पहारेकरी अडकला, हे कळल्यावर तरी बोलायचं होतं." तो म्हणाला, "रोज उसके घर की चाय पीता था, साहब." त्यानंतर सही होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मला त्याचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

संध्याकाळच्या आत पहारेकऱ्याला बोलावून सांगितलं, "सुटलात. घरी जा." तो जागचा हलला नाही. मला वाटलं, दमलाय. रिक्षाचं भाडं हवंय का, असं विचारलं.

"न्हाय साहेब. तुमच्याच गारीतून सोरा." त्यानं बाहेर उभ्या जीपकडे बोट केलं आणि म्हणाला, "नेला तवा सगल्या गावानी बगला. सोरला ता कोनी बगला न्हाय, त मी सुटलो कसा?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्याला जीपमध्ये माझ्या शेजारी पुढं बसवलं आणि गावात वाण्याच्या दुकानासमोर गाडी उभी केली. तो लगेच उतरला नाही. लोक जमेपर्यंत बसून राहिला. मीही घाई केली नाही. मग खाली उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या गृहस्थांनी चोरी केलेली नाही, ज्यानं केली तो आमच्या कोठडीत आहे. गर्दीत त्याची बायको होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या पुढं चालत घराकडे निघाली.

माणसाला ताब्यात घ्यायला कायद्यात पंच आहेत, पंचनामा आहे, डायरीतली नोंद आहे. निर्दोष माणसाला त्याचं नाव परत द्यायला असलं काहीच नाही. ते अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन, दिवसाउजेडी, चार माणसांत द्यायचं असतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी सोडलेला एकही निर्दोष माणूस पायी घरी गेला नाही.