एकाच पेपराला बसलेल्या मायलेकी

प्रभावती मगदूम बाईंच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती, तेव्हा न्यायालयाचा निकाल आला. ज्या प्राथमिक शिक्षकांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्या सगळ्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. बाईंचं वय एकोणपन्नास. कुपवाडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता. मुख्याध्यापकांनी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली, तेव्हा बाई पोरांचे गणिताचे पेपर तपासत होत्या. उरलेले पेपर बाईंनी पिशवीत घातले आणि घरी आल्यावर दोन दिवस ती पिशवी उघडलीच नाही.

हीच परीक्षा त्यांची मुलगी ब्राह्मी दोनदा देऊन बसली होती. डी.एड. होऊन पाच वर्षं झालेली, वय सव्वीस. दोन्ही वेळा ती नापास झाली होती. घरात टीईटी हा शब्द निघाला की तिचे वडील भरतेश चप्पल घालून बाहेर पडायचे. ते कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे आणि बोलणं त्यांना फारसं जमायचं नाही.

या वेळी मात्र तेच म्हणाले, "दोघी मिळून करा की अभ्यास. एकीला येत न्हाई ते दुसरीला येईल."

जैनांचं घर, त्यामुळं दिवस बुडायच्या आत जेवणं होऊन जायची. मग भांडी आवरून मायलेकी आतल्या खोलीत सतरंजी टाकून बसायच्या. सुरुवातीला ब्राह्मीच मास्तरीण होती. उत्तरपत्रिकेवरचा गोल पेनानं कसा भरायचा, रेघेबाहेर गेलं तर काय होतं, कुठल्या प्रश्नावर अडून बसायचं नाही, हे सगळं तिनं आईला शिकवलं. बाईंना चष्म्यातून ते बारीक गोल नीट दिसायचे नाहीत. पहिल्या सराव पेपरला त्यांनी एक ओळ सोडून पुढचे सगळे गोल चुकीचे भरले. ब्राह्मी हसली. बाईही हसल्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात दोघी एकाच गोष्टीला हसल्या होत्या.

दोघींतल्या दुराव्याचं कारण जुनं होतं. ब्राह्मी चार वर्षांची असताना बाईंना नोकरी लागली ती साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यात, मेढ्याच्याही वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर. तिथं लेकराला नेणं शक्य नव्हतं आणि भरतेश दिवसभर कामावर. ब्राह्मी सांगलीत आत्याकडे, साळूबाईंकडे राहिली. बाई शनिवारी दुपारी शाळा सुटली की मेढ्याला उतरायच्या, साताऱ्याला गाडी बदलायच्या आणि सांगलीत पोचेपर्यंत पोर झोपलेली असायची. रविवारी दुपारी परत निघायचं. चौदा वर्षांनी आंतरजिल्हा बदली झाली आणि त्या घरी आल्या, तेव्हा ब्राह्मीची बारावी झाली होती. ती आईला चार दिवसांसाठी आलेल्या पाहुणीसारखी वागवायची. पाणी द्यायची, चहा विचारायची आणि आपल्या खोलीत जायची. तरी तिनं डी.एड.च निवडलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही.

गणेशोत्सव झाला आणि अभ्यासाला वेग आला. एका संध्याकाळी बालमानसशास्त्राचे प्रश्न चालले होते. ब्राह्मीनं वाचलं, "वर्गात नवीन आलेले मूल सतत रडते. शिक्षकाने प्रथम काय करावे?"

"कडेवर घ्यावं," बाई म्हणाल्या.

"आई, पर्याय ऐक की आधी. पालकांना बोलावणे, दुर्लक्ष करणे, समवयस्क मुलांच्या गटात सामावून घेणे…"

"मी तर कडेवरच घेत होते. घेतलं की गप व्हायची पोरं. एक तर होती, महिनाभर खालीच उतरायची न्हाई. तिला घेऊनच फळ्यावर लिहायचे मी."

ब्राह्मीनं पुस्तक मिटलं. "किती पोरांना घेतलंस गं कडेवर तिकडं?"

बाई चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या.

"मी पण रडायचे. आत्या दाराला कडी लावायची, मी रस्त्यावर पळू नये म्हणून. तुला सांगितलं न्हाई कुणी?"

"न्हाई."

"सांगून तरी काय करणार होतीस," ब्राह्मी म्हणाली आणि पुस्तक उघडून पुढचा प्रश्न वाचायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण जवळही सरकली नाही.

त्यानंतर बाई जिद्दीला पेटल्या. पहाटे उठून इंग्रजी करायच्या, मधल्या सुट्टीत परिसर अभ्यास. त्यांचे सराव पेपरचे गुण वाढत गेले आणि ब्राह्मीचे होते तिथंच राहिले. दिवाळीनंतर गणित बाईच शिकवायला लागल्या. ब्राह्मी ऐकायची, मान हलवायची, पण बाईंनी समजावून सांगितलेलं गणित मुद्दाम दुसऱ्या रीतीनं करायची आणि चुकायची.

नोव्हेंबरातल्या रविवारी दोघींचं केंद्र सांगलीतच, पण वेगवेगळ्या शाळांत आलं. भरतेशनी आधी लेकीला सोडलं, मग बायकोला. पेपर सुरू झाला आणि शेवटच्या काही प्रश्नांपाशी बाईंच्या मनात आलं, की आपण पास झालो आणि पोर राहिली तर? क्षणभर पेन थांबलं. मग घराचे हप्ते डोळ्यांसमोर आले, उरलेली नऊ वर्षं आली आणि त्यांनी गोल भरले.

निकाल लागला. बाई पास झाल्या. ब्राह्मी दोन गुणांनी राहिली.

शाळेत साडी-नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं होतं. बाईंनी पोट दुखतंय असं सांगून रजा टाकली. घरी ब्राह्मीनंच चहा केला, कप आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं झालं. नोकरी वाचली."

"पुढच्या वेळी निघेल तुझं. दोनच गुण हायत. मी बसते की तुझ्याबरोबर रोज."

"तुला आता वेळ हाय व्हय?"

"हाय."

"मला न्हाई गं," ब्राह्मी म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि बाईंना तेच सोसेना. त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. भरतेश दारात आले आणि चप्पल घालून पुन्हा बाहेर गेले.

जानेवारीत ब्राह्मी साताऱ्याला गेली. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात तिला काम मिळालं. तिघी मुलींनी मिळून खोली घेतली आहे. कुपवाडला एवढे कारखाने असताना साताऱ्याला कशाला, असं शेजारणीनं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तिकडं पगार बरा हाय." तो बरा नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

ब्राह्मी महिन्यातून एखाद्या शनिवारी येते. येईपर्यंत अंधार पडलेला असतो, त्यामुळं ती वाटेतच खाऊन घेते. बाई जाग्याच असतात. कामाचं विचारतात, मैत्रिणींचं विचारतात. ब्राह्मी सगळ्याला नीट उत्तरं देते. परीक्षेचं दोघीही काढत नाहीत.