मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

पंचाऐंशीच्या सुमाराला मी वाशीहून रबाळ्याच्या कारखान्यात स्कूटरने जायचो. वाटेत रोज एक जोडपं दिसायचं. स्कूटर बायको चालवायची आणि नवरा मागे बसायचा. लोक तेवढ्यावरच हसत. त्यात वळण आलं की हात तो दाखवायचा, मुरलेल्या ड्रायव्हरसारखा, ताठ.

एकदा पेट्रोल पंपाच्या रांगेत ती दोघं माझ्या पुढेच होती. मी आगाऊपणे विचारलं, "हात एवढा पक्का, मग पुढे का नाही बसत?"

तो चिडला नाही. "कळंबोलीला ट्रक चालवायचो. मग डोक्यात आवाज यायला लागले. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया. मागून हॉर्न वाजला तर खरा वाजला का माझ्या डोक्यात, तेच कळंना. मग चावी मीच हिच्या हातात दिली."

"गोळ्या चालू आहेत ह्यांच्या," बायको म्हणाली. "डॉक्टर हो म्हणाले की बसतील पुढे."

तेवढ्यात मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"वाजला," ती म्हणाली. मग तो बाजूला सरकला.

पुढे बरेच महिने ती दिसली नाहीत. एका सकाळी तीच स्कूटर माझ्या पुढे होती. तो चालवत होता, ती मागे बसली होती. मी सवयीने हॉर्न दिला. त्याची मान किंचित मागे कलली. ती त्याच्या कानाशी वाकून एकच शब्द बोलली.

त्याने स्कूटर डावीकडे घेतली आणि मला पुढे जायचा हात दाखवला, तसाच ताठ.