आठवी ‘ब’चे भूगोलाचे पेपर

बिराजदार सर गेल्याचं मला शाळेतच कळलं. प्रार्थना संपल्यावर हेडमास्तरांनी ते सांगितलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला लावलं. त्याला आता सव्वा महिना झाला. स्टाफरूममध्ये जो तो सरांचं कौतुक करतो, मी मात्र गप्प असते. तो हक्क मी कधीच गमावलाय…

सर अक्कलकोटकडचे. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि विणकरांच्या मुलांशी मोडकंतोडकं तेलुगूसुद्धा. कोयनेच्या भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आठवी ‘ब’ला भूगोल ते शिकवायचे, ‘अ’ला मी. मी नवी होते, नोकरी कायम व्हायची होती. पुस्तकात लिहिलेलं, की पृथ्वी निवत गेली, आकसली, आणि सुकलेल्या पेरूसारख्या तिच्यावर सुरकुत्या पडल्या, तेच पर्वत. सर तो धडा वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, “आता खरं काय ते बघू.” मग टेबलावर दोन चादरी समोरासमोर पसरायच्या, दोन मुलांनी त्या एकमेकींवर रेटायच्या. मध्ये वळी उठली की अख्खा वर्ग ओरडायचा, “हिमालय!” जमिनीचे असे प्रचंड तुकडे आहेत, ते सरकतात, एकमेकांना ढकलतात, तिथं धक्के बसतात, असं ते सांगायचे. कुणीतरी विचारलं, “मग कोयनेचं कसं, सर?” तर म्हणाले, “ते मलापण नीट ठाऊक न्हाय. शोधू की.” भिंतीपलीकडे माझा वर्ग पेंगत असायचा.

एकदा त्यांनी मला एक मासिक दिलं. “बाई, यात सगळं आलंय. वाचा, मग दोघं मिळून शिकवू.” मी ते दोनदा वाचलं. पटलंही. आणि परत देताना म्हटलं, “वेळच झाला नाही हो, सर.” त्यांच्याकडून काही शिकले, हे मला कबूल करायचं नव्हतं.

वार्षिक परीक्षेचे पेपर तुकड्यांची अदलाबदल करून तपासायची आमच्याकडे पद्धत. ‘ब’चे माझ्याकडे आले. पर्वत कसे तयार होतात, या प्रश्नाला बहुतेकांनी सरांचं उत्तर लिहिलेलं. काहींनी चादरींची चित्रंही काढलेली. नमुना उत्तर पुस्तकातलं होतं. मी लाल पेन्सिलीनं शून्यं देत गेले. नोकरीची भीती होती, पण नुसती भीती असती तर आधी सरांना जाऊन विचारलं असतं… मला त्यांचा हेवा वाटत होता. शून्य देताना बरं वाटत होतं. लाज वाटते हे लिहिताना.

त्या एका प्रश्नापायी सातजण नापास झाले. पालक आले. हेडमास्तरांनी माझ्यासमोरच सरांना विचारलं, “पुस्तक सोडून शिकवायला कुणी सांगितलं?”

“पुस्तक बदलणार हाय, सर.”

“बदलेल तेव्हा शिकवा.”

मी मान खाली घालून बसले होते. जूनपासून सरांचा भूगोल गेला, चित्रकला आली. भूगोलाच्या दोन्ही तुकड्या मला मिळाल्या. पुढे पुस्तक खरंच बदललं आणि मी वर्गात चादरी नेल्या, जणू माझीच कल्पना. व्हरांड्यातून जाताना सर दारात थांबले, हसून मुलांना म्हणाले, “जरा जोरात ढकला की रे!” तेव्हा तरी बोलायचं होतं मी.

परवा त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला. “तुमच्याबद्दल लई चांगलं बोलायचे,” त्या म्हणाल्या. “बाईंनी ते मासिक वाचलंच न्हवतं, त्यांचा काय दोष, असं म्हणायचे.”

“वाचलं होतं, वहिनी. दोनदा.”

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, “मी काय माफ करू? माझे मार्क कापले न्हाईत तुमी. त्या पोरांना सांगा की.”

ती मुलं आता मोठी झाली असतील. कुणी गिरणीत, कुणी मागावर. नापास झालेल्यांपैकी दोघं शाळेत परत आलीच नाहीत. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांतल्या कुणाच्या तरी हाती पडेल, या आशेनं लिहितेय. आठवी ‘ब’च्या मुलांनो, तुमचं उत्तर बरोबर होतं. शून्य देताना मला ते माहीत होतं.