उन्हाळा आला की कात्री कुलपात

टेलरमास्तरांच्या घरात ऋतू कॅलेंडरवरून कळत नसत, मास्तरांवरून कळत. थंडी पडली की हा गडी भिंतीकडे तोंड करून पांघरुणात शिरे, आणि गिऱ्हाइकांच्या पँटी एका पायाने अर्धवट लटकत राहत. ऊन चढलं की तोच माणूस पहाटेपासून मशीन दामटायचा. एका उन्हाळ्यात तर त्यांनी गल्लीतल्या झाडून साऱ्या सायकलींच्या सीटना फुकट मखमली टोपडी शिवली. मखमल होती एका नवरदेवाच्या कोटाची. बिचारा नुसत्या शर्टावर लग्नाला उभा राहिला.

पुढे डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. बायकोने त्यात स्वतःचा नियम घातला. दिवस मोठे होऊ लागले की कात्री कपाटात आणि किल्ली तिच्या कमरेला. कापड बेतायचं ते तिच्या डोळ्यांदेखत.

यंदाचा हिवाळा मास्तरांनी एकही गोळी न चुकवता काढला. मग ऊन चढलं आणि लेकीचा फोन आला. त्या टोपड्यांपायी शाळेत खाली मान घालून बसणारी पोर आता नोकरीला लागणार होती. म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवसाचा कोट तुम्हीच शिवा." मास्तर काजं करता करता गुणगुणायला लागले, आणि इकडे बायकोने कमरेची किल्ली चाचपली.

"अगं, कात्री दे. लेकीचा कोट बेतायचाय."

"आधी डॉक्टर."

"मी ठणठणीत आहे!"

"दर उन्हाळ्यात हेच म्हणता."

खरंच म्हणत असत. मास्तरांनी गुपचूप चपला घातल्या.

डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, फुकट काही शिवलंत का तेही विचारलं. झोप व्यवस्थित. फुकट फक्त लेकीचा कोट, आणि तो तर अजून कापडातच होता.

"बाई, यांना काही झालेलं नाही. आनंद झालाय, एवढंच."

"मग त्याला गोळी कोणती?" बायकोने तातडीने विचारलं.

डॉक्टरांना हसू आवरेना. ती मात्र दाराबाहेर येताच थांबली आणि तिचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं संसार केला, आणि तुम्ही नुसते खूश आहात हे मला ओळखता येईना हो."

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला.

"मला तरी कुठे येत होतं?" ते म्हणाले. "म्हणून तर मुकाट्याने आलो."