उलट फिरलेलं तबक

मनोहर सबनीसकाकांकडे मी पहिल्यांदा गेले, ती बंद पडलेला मिक्सर काखेत मारून. बँकेच्या बदलीने आम्ही नुकतेच लखनौला आलो होतो. अलीगंजातल्या दुकानदाराने "नया ले लीजिए, मैडम" म्हणून हात झटकले, तेव्हा शेजारच्या भाभींनी काकांच्या गच्चीकडे बोट दाखवलं. "मराठी अंकल हैं, ठीक कर देंगे." काकांनी तो ठीक केला नाहीच. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात देऊन म्हणाले, "आधी रोग सांगा, मग पोट फाडा." अस्सा राग आला मला! पण मिक्सर माझ्याच हातून घुरघुरला आणि दर रविवारी मी त्या गच्चीवरच्या खोलीत जाऊ लागले.

काका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले खरे, पण स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. जुन्या प्रिंटरच्या मोटारी आणि खेळण्यांची चाकं जोडून त्यांनी कुंड्यांना पाणी घालणारं यंत्र केलं, माकडं आली की थाळी बडवणारा रोबो केला. माकडांनी तो रोबोच पळवला, ती गोष्ट वेगळी. त्या खोलीचा एक रिवाज आहे. ज्याच्या हातून काही जळेल, त्याला काका डब्यातली रेवडी देतात. "धूर निघाला? छान! हात लावला म्हणून निघाला. घ्या, तोंड गोड करा." मी पुष्कळ रेवड्या खाल्ल्या आहेत.

पण काका खरे कळले ते माझ्या सासूबाईंमुळे. आमच्या मराठी मंडळात त्या सर्वांत वडीलधाऱ्या, म्हणून गणपतीची पहिली आरती त्या ओवाळत. पुढे कंपवाताने हात थरथरू लागले. एका वर्षी तबकातलं निरांजन सर्वांदेखत कलंडलं. "पुरे झालं, आता मला नेऊ नका," म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. मी काकांपुढे रडलेच. त्या दिवशी त्यांनी रोग विचारला नाही. संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंसमोर बसले. "वहिनी, तबक कसं फिरवता ते जरा दाखवा बघू." सासूबाईंनी थरथरत्या हाताने हवेत ओवाळून दाखवलं.

चारबाग स्टेशनजवळच्या भंगारातून मोटारगाडीच्या वायपरची मोटर आली. संथ, पण ताकदीची. तिच्यावर तबक ओवाळणारा लाकडी हात बसला. आकाशपाळण्याच्या बैठकीसारखं तबक कसंही फिरलं तरी आडवंच राहील, अशी योजना झाली. सासूबाईंना दाबता यावं म्हणून वाटीएवढं बटण केलं. त्या पाहून म्हणाल्या, "उघडाबोडका हात बाप्पापुढे? शोभतं का?" झालं! काका स्वतः चौक बाजारात जाऊन लखनवी चिकनच्या भरतकामाची, कुर्त्याची बाही शिवून घेऊन आले.

गणेशचतुर्थीला सासूबाई आल्या. सगळे टाळ्या वाजवू लागले, त्यांनी बटण दाबलं, आणि तबक उलटं फिरू लागलं. टाळ्या थांबल्या. कुणीतरी पुटपुटलं, "अरे, ये तो उल्टा है!" सासूबाईंचा चेहरा उतरला.

काका कपाळावर हात मारून पुढे झाले. "चूक माझी! ज्योत नीट दिसते का, हे बघायला मी बाप्पाच्या जागी उभा राहिलो. तिथून सुलटंच दिसत होतं!"

सासूबाईच खुदकन हसल्या. कितीतरी महिन्यांनी! "बाप्पाच्या जागी उभे राहता होय, भाऊजी? अगं, रेवडी दे त्यांना आधी!" मंडप हसून हसून लोळला. काकांनी मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि सासूबाईंनी आरती पुरी केली. त्यानंतरची एकही चतुर्थी त्यांनी चुकवलेली नाही.

आज काकांच्या अमृतमहोत्सवाला औक्षण कुणी करायचं, हा प्रश्नच आमच्या घरात निघाला नाही. सासूबाईंनी चिकनची बाही स्वतः धुवायला काढली, डब्यात रेवडी भरून घेतली आणि मला यंत्राच्या मागे, आपल्या खुर्चीत बसवून तबक फिरवून बघायला लावलं. काका, सुलटंच फिरतंय. तुम्हाला समोरून उलटं दिसेल, तर कृपा करून वायरींना हात लावू नका. निरोगी राहा, शंभरी गाठा आणि निमूट ओवाळून घ्या.